थंडी किती, ते सुरवंटाला विचारा

अमेरिकेतल्या बॅनर एल्क गावात दोन सुरवंटांचं एकमत होईना, म्हणून सुरवंटांची जत्रा सुरू झाली. गोष्ट १९७८ सालची. जिम मॉर्टन नावाचे गृहस्थ तिथे ‘माउंटन लिव्हिंग’ हे मासिक काढत. येणारा हिवाळा कसा जाईल याचा अंदाज अंकात छापायचा, आणि तोही त्या डोंगरातल्या जुन्या रीतीने केसाळ सुरवंटाचे पट्टे वाचून, असा त्यांचा बेत होता. एका सुरवंटाचा फोटो काढून झाला. मग दुसरा दिसला, तर त्याचे पट्टे निराळेच. एक म्हणतो यंदा हाडं गोठणार, दुसरा म्हणतो छे, काही नाही. आता छापायचं कुणाचं? दुसऱ्या एखाद्या संपादकाने कॉलेजातल्या प्राध्यापकाला फोन केला असता. यांनी सुरवंटांची शर्यत लावायचं ठरवलं. जो पहिला येईल, त्याचं खरं.

या तोडग्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. दोन भविष्यं जुळत नाहीत म्हटल्यावर भविष्यावरचा विश्वास उडावा, ही आपली सरळ समजूत. मॉर्टनसाहेबांनी विश्वासाला हातही न लावता प्रश्न शर्यतीच्या मैदानात नेऊन सोडवला. तेव्हापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या या हजारभर वस्तीच्या गावात ‘वूली वर्म फेस्टिव्हल’ भरतो आणि वीसेक हजार माणसं येतात.

२०२५ ची दिवाळी मी शार्लटला भाच्याकडे केली. तो शनिवार नेमका धनत्रयोदशीचा. भाचा म्हणाला, “मावशी, चल, तुला एक गंमत दाखवतो. तुझ्या माहेरच्या घटमांडणीची अमेरिकन बहीण.” सूनबाईचा चेहरा उतरला. “सणाच्या दिवशी किडे बघायला कोण जातं?” म्हणाली. शेवटी दिवेलागणीपर्यंत परत यायचं, या अटीवर भाचा, त्याची आठ वर्षांची लेक आणि मी असे तिघं पहाटे निघालो.

हिकरी, लेनोर ही गावं मागे पडली की रस्ता चढायला लागतो. ब्लोइंग रॉक आणि बून आलं की आपण ब्लू रिजच्या माथ्यावर आलेलो असतो. पश्चिम घाटाची सवय असलेल्या माणसाला हे डोंगर आधी जरा गोलसर, दमलेले वाटतात. आहेतही ते फार जुने. पण पानगळीच्या दिवसांत त्यांच्या अंगावर जे रंग चढतात, ते आपल्याकडे कोणत्याच ऋतूत बघायला मिळत नाहीत. बॅनर एल्क समुद्रसपाटीपासून साधारण ३,७०० फुटांवर आहे. सकाळी गाडीतून उतरले तेव्हा स्वेटरवर शाल घ्यावी लागली.

गावाच्या आजूबाजूच्या उतारांवर एका उंचीची, एका मापाची सुचीपर्णी झाडं रांगेत उभी दिसतात. ही ‘फ्रेझर फर’, ख्रिसमसची झाडं. ओरेगॉनखालोखाल नॉर्थ कॅरोलिनाचा या झाडांत नंबर लागतो आणि एव्हरी काउंटी, म्हणजे हाच भाग, त्यासाठी नावाजलेला. दिवाणखान्यात उभं करण्याजोगं झाड व्हायला दहाएक वर्षं लागतात. शेजारी शुगर माउंटन आणि बीच माउंटन हे दोन डोंगर स्कीइंगसाठी प्रसिद्ध आहेत. म्हणजे इथे बर्फ पडला नाही तर हॉटेलं रिकामी, आणि भलत्या वेळी पडला तर झाडांचे ट्रक अडकलेले. हिवाळा कसा जाणार हा प्रश्न इथे नुसता गप्पांचा नाही. हे आधी डोक्यात घेतलं, म्हणजे पुढचा सगळा पोरकटपणा नीट कळतो.

जत्रा जुन्या शाळेच्या परिसरात भरते. व्यापाऱ्यांची संस्था आणि किवानिस क्लब मिळून ती भरवतात आणि उरलेला पैसा बराचसा मुलांच्या कामांना जातो. आत शिरताच वास येतो तो साखरेत परतलेल्या मक्याच्या लाह्यांचा. पलीकडे धुरात शिजलेलं डुकराचं मांस, सफरचंदाचा रस, तळून वर पिठीसाखर भुरभुरलेली जाळीदार धिरडी. आणि मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! अमेरिकेच्या दक्षिणेत या शेंगांचं चांगलंच वेड आहे. मी कागदी पिशवीभर घेतल्या. चव थेट खामगावच्या आमच्या अंगणातली, फक्त मीठ दुप्पट. एका मंचावर बुटांच्या टाचांनी ठेका धरून बायका-पोरी नाचत होत्या. सुरवंटाच्या फुगीर वेशात एक माणूस फिरत होता आणि लहान मुलं त्याला बघून एकतर धावत जवळ जात होती, नाहीतर भोकाड पसरत होती.

खरे सुरवंट विकायला बसली होती ती शाळकरी पोरं. बरण्यांत, खोक्यांत, गवताच्या काड्यांवर. एकाचा एक डॉलर. आमच्या नातीने पाच मिनिटं निरखून, स्थळ पाहावं तशी चौकशी करून, त्यातल्या त्यात चपळ दिसणारा एक निवडला. विकणाऱ्या मुलाने तो तिच्या तळहातावर ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला. केसाळ सुरवंट म्हटला की मला शेवग्याचं झाड आठवतं. पावसाळ्यात खोडाला थरच्या थर चिकटलेले सुरवंट, त्यांना चुकून पाठ लागली की रात्रभर खाज आणि गांधी. पण हा प्राणी तसा नाही. हाताला राठ लागतो, एवढंच. बोट लावलं की अंगाची गुंडाळी करून मेल्याचं सोंग घेतो. दोन्ही टोकांना काळा, मध्ये तांबूस-तपकिरी पट्टा. पुढे त्याचा ‘इझाबेला टायगर मॉथ’ नावाचा पिवळसर पतंग होतो, पण त्या पतंगाला इथे कुणी विचारत नाही. सगळा मान सुरवंटपणीच.

वाचायची पद्धत अशी. सुरवंटाच्या अंगाची तेरा वलयं, हिवाळ्याचे आठवडेही तेरा. डोक्याकडून सुरुवात करायची. काळं वलय म्हणजे त्या आठवड्यात कडाक्याची थंडी आणि बर्फ. फिकट तपकिरी म्हणजे सौम्य हवा. काळ्यात तपकिरी केस मिसळलेले असले तर थंडी, पण बर्फ नावापुरता. झालं. एकविसाव्या डिसेंबरपासून वसंतापर्यंतचा हिशेब एका बोटभर किड्यावर.

हे ऐकताना माझ्या मनात आलं की या जातीचा सुरवंट दोन्ही टोकांना काळाच असतो. म्हणजे हिवाळा सुरुवातीला कडक, मध्ये सैल आणि जाता जाता पुन्हा कडक, हे भविष्य जवळजवळ कुठलाही सुरवंट सांगणार. वाद उरतो तो मधला पट्टा किती रुंद, एवढ्याचाच. चांगल्या ज्योतिषाचं लक्षण हेच नाही का? मोठी गोष्ट कधी चुकत नाही अशी ठेवायची आणि तपशिलात थोडी जागा सोडायची. महोत्सववाले ८० टक्क्यांहून जास्त अचूकता सांगतात, ती अशीच साधत असावी.

कीटकशास्त्रज्ञांचं म्हणणं याहून रुक्ष आहे. सुरवंट वाढताना कात टाकत जातो, आणि दर कातीबरोबर तपकिरी पट्टा रुंदावतो. म्हणजे पट्टा बराचसा वयावर अवलंबून. ओल जास्त असली तर काळा रंग अधिक राहतो. थोडक्यात, येणाऱ्या थंडीबद्दल त्याला काही माहीत नसतं. उन्हाळा कसा गेला आणि आपण किती खाल्लं, तेवढंच तो अंगावर वागवत असतो.

तरी शास्त्रज्ञांनाही मोह सुटलेला नाही. न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’त चार्ल्स करन नावाचे कीटकतज्ज्ञ होते. १९४८ च्या शरदात ते पत्नीसह शहराच्या उत्तरेला बेअर माउंटनवर गेले, जमले तेवढे सुरवंट गोळा केले, तेरांपैकी किती वलयं तपकिरी आहेत ते मोजून सरासरी काढली आणि आपला अंदाज ‘हेरल्ड ट्रिब्यून’च्या बातमीदाराकडे दिला. मग ही मंडळी वर्षानुवर्षं तिकडे जात राहिली. मित्रमंडळींनी सुरवंटप्रेमींची एक संघटनाही काढली. नमुना किती? कधीकधी पंधराएक सुरवंट. एवढ्या आकड्यांवर विज्ञान होत नाही हे करन यांना कळत नसेल, असं मला वाटत नाही. शरदातल्या रविवारी डोंगरात भटकायला, चार माणसांनी एकत्र जेवायला काही निमित्त लागतं. त्यांच्यामुळे हा ठोकताळा अमेरिकाभर पसरला. ओहायोतही टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या डिक गॉडर्ड यांनी १९७३ मध्ये अशीच जत्रा सुरू केली. ती आता व्हर्मिलियन गावात भरते. रोज नकाशे घेऊन बातम्यांत उभं राहणाऱ्यानेच सुरवंटांची मिरवणूक काढावी, यात मला विसंगती दिसत नाही. अंदाज चुकल्याबद्दल वर्षभर लोकांच्या शिव्या खाणाऱ्याला हा विनोद इतरांपेक्षा जास्त कळणार.

शर्यत उभी असते. मंचावर मोठी फळी, तिच्यावर तीनेक फुटांच्या दोऱ्या वरून खाली ताणलेल्या, प्रत्येकीला क्रमांक. आपला सुरवंट दोरीच्या तळाशी धरायचा, इशारा झाला की सोडायचा. पुढे त्याला हात लावायचा नाही. ओरडा, टाळ्या वाजवा, सरबताच्या नळीने मागून फुंकर घाला, सगळं चालतं. एका फेरीत वीस-पंचवीस स्पर्धक, दिवसभर फेऱ्यांमागून फेऱ्या, फेऱ्यांचे विजेते पुढे. शनिवारी संध्याकाळी जो अजिंक्य ठरतो, त्याचे पट्टे त्या हिवाळ्याचं अधिकृत भाकीत. रविवारी पुन्हा शर्यती होतात, पण त्या नुसत्या हौसेच्या.

नाव नोंदवताना सुरवंटाचंही नाव द्यावं लागतं. बहुतेक नावं गाड्यांच्या शर्यतीतल्या वीरांच्या नाहीतर गायिकांच्या नावांवर केलेल्या कोट्या. आमच्या नातीला काही सुचेना. भाचा म्हणाला, “बाजीराव ठेव. एकही लढाई हरला नाही.” निवेदकाने ते नाव तीन तऱ्हांनी उच्चारून पाहिलं आणि शेवटी गर्दीकडून म्हणवून घेतलं. ब्लू रिजच्या डोंगरात दोनशे माणसं “बाजीराव” म्हणून ओरडताहेत, हे ऐकायला मी हजार मैल पायी गेले असते.

इशारा झाला. बाजीराव निघाला तो अगदी नावाला साजेसा. पहिला फूट त्याने इतक्या झपाट्याने तोडला की शेजारच्या दोरीवाल्या आजोबांनी टोपी काढून नातीला सलाम केला. मग अर्ध्या दोरीवर तो थांबला. मान इकडे-तिकडे केली. नातीने नळीने फुंकर घातली, भाच्याने टाळ्या पिटल्या, मी शेंगांची पिशवी बगलेत मारून मराठीत ओरडले. बाजीरावाने शांतपणे तोंड फिरवलं आणि खाली उतरायला लागला.

“मावशी,” भाचा म्हणाला, “हा दुसरा बाजीराव निघाला गं.”

आजोबांचा सुरवंटही हरला, कारण तो जागचा हललाच नव्हता. त्यामुळे आमची ओळख झाली. त्यांच्या घरची फ्रेझर फरची शेती. मी विचारलं, या सुरवंटावर खरंच विश्वास आहे का? ते म्हणाले, नाही, विश्वास धुक्यावर. ऑगस्टमध्ये जितक्या सकाळी धुकं पडेल, तितक्या वेळा हिवाळ्यात बर्फ पडणार. त्यांची आई दर धुक्याला एक घेवड्याचा दाणा बरणीत टाकायची: दाट धुक्याला मोठा, विरळ असेल तर लहान. गांधीलमाश्यांचं पोळं उंचावर दिसलं तर बर्फाचे थर उंच. मक्याची सालं जाड, तर थंडी जाड. मी त्यांना कावळ्याच्या घरट्याचं सांगितलं. झाडाच्या शेंड्यावर बांधलं तर पाऊस कमी, मध्यावर फांद्यांच्या आडोशाला बांधलं तर भरपूर. टिटवीने नदीच्या पात्रात अंडी घातली तर पावसाची आशा नको. आमच्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं, कधी बेडूक, कधी म्हैस, कधी कोल्हा, हे ऐकून ते इतके खूश झाले की बायकोला हाक मारून मला ते पुन्हा सांगायला लावलं.

मग भेंडवळच्या घटमांडणीचं सांगणं आलंच. बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात हे गाव. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट आखतात. भोवती अठरा धान्यं मांडायची. मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, भजं, वडा, करंजी. शेजारी पानविडा, तो राजा. रात्री तिथे कुणी थांबायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज येऊन पाहतात: कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठलं धान्य विखुरलं, पान हललं का. त्यावरून पाऊस, पिकं, रोगराई आणि देशाचं राजकारण. साडेतीनशे वर्षांची परंपरा म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी आक्षेप घेतात, तरी शेतकरी दरवर्षी येतात. माझे वडील जायचे. परत आल्यावर ओट्यावर बसून घरातल्या कुणाशी न बोलता पेरणीची आकडेमोड करायचे. ज्वारी किती, कपाशी किती.

भाचा घटमांडणीची बहीण म्हणाला होता, पण मला त्या पटांगणात दोघींमधला फरकच जास्त जाणवत राहिला. सुरवंटाच्या सांगण्यावरून कुणी झाड आधी तोडत नाही की हॉटेलची नोकरभरती थांबवत नाही. त्यासाठी बूनमध्ये रे रसेल यांचं ‘रेज वेदर’ आहे. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने सुरू केलेल्या संकेतस्थळावर इथली मंडळी रोज डोळे लावून असतात. हिवाळ्याआधी ते आपला अंदाज काढतात आणि त्याला ‘निर्भय’ असं विशेषण लावतात, यातच त्यांचा मिश्कीलपणा आला. शिवाय पिकांना विमा, रस्त्यांवर बर्फ हटवणारी यंत्रं. चुकीचं भविष्य परवडण्याइतकी या गावाची ऐपत आहे, म्हणून त्याची शर्यत लावता येते. भेंडवळला हसायची सोय नाही. तिथे दुबार पेरणीचा खर्च सावकाराच्या वहीत जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला गावपातळीवरचा भरवशाचा अंदाज वेळेवर मिळत असता, तर वडील ओट्यावर तसे बसले असते का, कोण जाणे.

पण ऐपतीचाही भरवसा धरू नये, हे आजोबांनीच बोलता बोलता दाखवलं. २०२४ मध्ये ही जत्रा झालीच नाही. सप्टेंबरच्या २७ तारखेला हेलीन वादळ या डोंगरांवर येऊन आदळलं. त्याआधीच पावसाने जमीन भिजून तुडुंब झाली होती. इथून दक्षिणेला बुसिक नावाच्या ठिकाणी त्या दिवसांत ३० इंचांहून जास्त पाऊस मोजला गेला. डोंगर घसरले, नद्यांनी रस्ते आणि पूल नेले, वीज आणि पाणी गेलं. एकट्या नॉर्थ कॅरोलिनात शंभरावर माणसं मेली. आणि हे अवचित झालं असंही नाही. राष्ट्रीय हवामान सेवेच्या स्थानिक कार्यालयाने आदल्या दिवशी स्पष्ट बजावलं होतं की या भागाच्या आधुनिक इतिहासातल्या सर्वांत मोठ्या आपत्तींपैकी ही एक ठरेल. अंदाज बरोबर होता. आजोबांनी तो वाचलाही होता. “वाचला,” ते म्हणाले, “आणि विहिरीच्या पंपावर ताडपत्री घातली. एवढंच सुचलं. असा पूर कुणी पाहिलाच नव्हता, तर काय करणार?” त्यांच्या उताराची एक पट्टी, सात-आठ वर्षांची झाडं, ओढ्यात गेली. त्याच वर्षी वादळानंतर दोन महिन्यांनी याच काउंटीतल्या न्यूलँडच्या मळ्यातलं फ्रेझर फर व्हाइट हाउसमध्ये ख्रिसमससाठी उभं राहिलं. ते सांगताना त्यांचा आवाज पुन्हा चढला.

मला अजून बरंच विचारायचं होतं, पण निवेदकाने पुढची फेरी पुकारली आणि आजोबा नवा सुरवंट घ्यायला खिशातला डॉलर चाचपत निघाले. पहिला सुरवंट सुस्त निघाला म्हणून माघार घेणारे ते नव्हते.

अंतिम शर्यत आम्हाला बघता आली नाही. दिवेलागणीच्या अटीमुळे तीनच्या सुमाराला निघणं भाग होतं. नातीची समजूत घालता घालता भाचा घामाघूम झाला. शेवटी बाजीरावाला सोबत न्यायचं कबूल करून तिला गाडीत बसवलं. तिने वाटेत बापाच्या फोनवर वाचून काढलं की हा सुरवंट हिवाळा सुरवंट म्हणूनच काढतो. पाचोळ्याखाली तो शब्दशः गोठतो. शरीरात ग्लिसरॉलसारखं द्रव्य तयार करून पेशी वाचवतो, आणि वसंतात वितळून पुन्हा चालायला लागतो. थंडी मिळाली नाही तर त्याचं चक्र बिघडतं. शार्लटला कुठली आलीय एवढी थंडी? तिने तोडगा काढला आणि लगेच आईला फोन लावला. गॅरेजमधल्या जास्तीच्या फ्रीजमध्ये बरणी ठेवायची, मार्चपर्यंत.

गाडीच्या स्पीकरवरून सूनबाईचा आवाज आला, “त्या फ्रीजमध्ये लक्ष्मीपूजनाची बासुंदी आहे. तिथे किडा ठेवलास तर तू, तुझा बाबा आणि तो बाजीराव, तिघंही अंगणात झोपाल. आजींना काही बोलत नाही मी.”

भाच्याने पुढच्याच वळणावर गाडी बाजूला घेतली.